प्रबंधातल्या तीन कमलाबाई

प्रबंधाच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते. ती सहसा कोणी वाचत नाही. परीक्षकसुद्धा त्यात आपलं नाव आहे का तेवढं बघतात आणि पान उलटतात, असं आमच्याकडे येणारे सर लोकच हसत हसत सांगत. पुसदला कॉलेजच्या रस्त्यावर रफिकभाईंचं टायपिंगचं दुकान होतं. तिथे ही यादी लावायचं काम मी बरीच वर्षं केलं.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. चारचौघांत बोलायची मला लहानपणापासून भीड. दुकानातही मी मशीनच्या मागे बसत असे आणि गिऱ्हाइकाने काही विचारलं तर रफिकभाई उत्तर देत. लिहायला बसलं की मात्र ती भीड नसते. म्हणून हे घरच्या घरी लिहिते आहे. कोणी वाचलंच तर समजावं म्हणून आधी काम कसं असे ते सांगते.

माझे यजमान जिनिंगमध्ये हमाली करत. कापसाचे दिवस फार वाईट आले होते. जिनिंग दिवाळीनंतर सुरू व्हायचं आणि संक्रांत उलटते न उलटते तोच थंड पडायचं. त्या काळात मी रफिकभाईंकडे लागले, ती बाइंडिंगच्या कामाला. काळं रेक्झीन, आत जाड पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं. त्या अक्षरांचे पितळी खिळे असतात आणि ते उलटे जुळवावे लागतात. मराठी अक्षरं माझी होतीच. इंग्रजी अक्षरं मी या खिळ्यांवरून शिकले, उलटी आधी आणि सुलटी नंतर. प्रबंधांचं बाहेरचं अंग असं मला आतल्यापेक्षा पुष्कळ आधी कळलं.

रफिकभाई मुळात टाइपरायटरचे मेकॅनिक. त्यांचे वडीलही तेच. मशीन उघडून, पेट्रोलने धुऊन, तेल देऊन परत बसवायचं, यात त्यांचा हात कोणी धरत नसे. मग टाइपरायटर गेले आणि कॉम्प्युटर आले. एकदा ते अमरावतीहून संदर्भांचं सॉफ्टवेअर घेऊन आले. चार दिवस स्वतः त्याच्याशी झटले आणि पाचव्या दिवशी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, तुमी बसा न इथं," ते म्हणाले. "मले तर सगळी मोहरी सांडल्यावानी दिसून राह्यली."

मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. ते म्हणाले, "मले कोणती येते? मशीनले बी नाई येत. ते फक्त खाना पायते अन् त्यात भरते."

ते खरंच होतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड असतं. कार्डावर खाने असतात: लेखकाचं आडनाव एका खान्यात, नाव दुसऱ्यात, मग पुस्तक, प्रकाशक, गाव, साल. प्रबंधात जिथे जिथे "अमुक असं म्हणतात" असं लिहिलेलं असेल, तिथे त्या कार्डाची एक कडी अडकवायची. कडी दिसत नाही, कंसात नाव आणि साल तेवढं दिसतं. सगळ्या कड्या अडकवून झाल्या की एक बटण दाबायचं, मग शेवटची यादी आपोआप अकारविल्ह्याने लागून येते. कडी काढली की ते पुस्तक यादीतून गळतं. आणि कडी चुकीच्या कार्डाला अडकवली तर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या नावावर जातं. एवढाच काय तो धंदा. आधी लोक हे सगळं हाताने करत. एक पुस्तक मध्ये घुसलं की पुढची पानं नव्याने टाइप करावी लागत.

पण मशीनला आपल्याकडची रीत ठाऊक नसते. सुरुवातीला मी कार्डावर जसं लिहून दिलं असेल तसंच भरत असे. पहिली यादी छापून आली तर सगळे डॉक्टर "ड"खाली जमलेले, सगळे प्राध्यापक "प"खाली, आणि कै. लावलेले तेवढे "क"मध्ये एका ओळीने उभे. रफिकभाई ती यादी बघून म्हणाले, "इनका तो पूरा कबरस्तानच एक जागी केला मशीनने." ज्यांची ती यादी, ते सर मात्र गंभीर. त्यांना सौ. आणि श्रीमती वेगवेगळ्या आल्या हे आवडलं होतं, शिस्त वाटते म्हणाले. त्यांना ते काढायला लावेपर्यंत दोन वेळा चहा झाला.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एकाने पुस्तकविक्रेत्याच्या सूचीपत्रावरूनच यादी उतरवून आणली होती, तीही किमतीसकट. एक मॅडम पोत्यात पुस्तकं भरून ऑटोने आल्या आणि म्हणाल्या, यातून काय लागेल ते तुम्हीच घ्या. एक गृहस्थ रोज येऊन आपल्या गाईडचं पुस्तक प्रत्येक प्रकरणात आलं आहे ना, हे बोट लावून बघायचे. ते पुस्तक पिकांवरच्या किडींचं होतं आणि यांचा विषय संतवाङ्मय. रफिकभाईंनी त्यांना विचारलं, साहेब, कीड कुठे बसवली? ते म्हणाले, "प्रस्तावनेत बसली, तिसऱ्यातही बसली. पाचव्यात बसत नाही आहे, काही करा." मी केलं काहीतरी. काय केलं ते आता आठवत नाही.

आता हे काम कोणी बाहेर देत नाही. पोरं आपल्या लॅपटॉपवर आपलं आपण करतात. रफिकभाईंच्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. केलेल्या प्रबंधांपैकी बहुतेकांचे विषयही माझ्या डोक्यातून गेले. एक राहिला, तो पाठक सरांचा.

पाठक सर कॉलेजात तासिकेवर शिकवत, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, उन्हाळ्यात काही नाही. वय चाळिशीला आलेलं. वडील तहसीलमध्ये हेडक्लार्क होते, घरात सगळे नोकरीपेशातले, यांचंच अडून राहिलेलं. कॉलेजात कायम जागा निघणार होती आणि तिच्यासाठी प्रबंध दाखल केल्याची पावती लागत होती. नोंदणीची मुदत त्यांनी दोनदा वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती.

विषय होता कापूस वेचणाऱ्या बाया. कापसाच्या या वाईट वर्षांत घरातले निर्णय कोण घेतं, बाई घेते का, कोणते घेते. त्यासाठी तीन हंगाम ते पुसदजवळच्या एका तांड्यावर जात होते. तांड्याचं नाव मी लिहीत नाही आणि बायांची नावंही बदलली आहेत. राठोड तेवढं खरं ठेवलं आहे, कारण ते सांगून काही सांगितल्यासारखं होत नाही. तो सगळा तांडाच राठोडांचा. माहेरच्या चव्हाण असोत, पवार असोत, लग्न होऊन आल्या की सगळ्या राठोड.

प्रत्येक मुलाखतीचंही कार्ड करावं लागतं, पुस्तकासारखंच. सर ती कार्डं आमच्या मशीनवर बसून स्वतः भरत. बायांची नावं आपल्या हाताने भरायची त्यांची इच्छा होती. एका दुपारी मी बाइंडिंगला गुंतले होते. मशीनने त्यांना दाखवलं, की काही कार्डं एकसारखी आहेत, एकत्र करू का? नाव कमलाबाई, आडनाव राठोड, गाव तेच, साल तेच. सरांना वाटलं आपण एकच कार्ड चुकून तीनदा भरलं. त्यांनी हो म्हटलं. जाताना खूश होऊन मला सांगून गेले, की ताई, आज मी तुमचं थोडं काम हलकं केलं.

पंधरा दिवसांनी गाईडकडून चौथं प्रकरण परत आलं. समासात लाल शाईने लिहिलं होतं: "ही बाई मागच्या पानावर विधवा आहे, या पानावर नवऱ्याबरोबर फवारणीला जाते आणि पुढच्या पानावर तिला सासू आहे व मूल नाही. ही कोण आहे?"

तांड्यात तीन कमलाबाई होत्या आणि मशीनने त्यांची एक केली होती. तिघींच्या बोलण्याच्या सगळ्या कड्या एकाच कार्डात जाऊन बसल्या होत्या. सरांनी आपल्या टिपणांच्या वह्या आणल्या. त्यांत प्रत्येक बोलण्यापुढे नीट लिहिलेलं होतं, क. रा. तिघीही क. रा. काही वाक्यांवरून ओळखू येत होतं, बरीचशी वाक्यं मात्र कोणाचीही असू शकत होती. गाईड त्या बाबतीत कडक होते. नावगाव नसलेलं वाक्य मला नको, असं ते सगळ्याच विद्यार्थ्यांना सांगत, कारण लोक घरी बसून बाया तयार करतात. आणि दाखल करायला आठवडाही उरला नव्हता.

सर स्टुलावर बसून राहिले. मला त्यांची फार कीव आली. ती चूक माझ्या हातूनही सहज झाली असती. मशीन विचारतं तेव्हा उत्तर आपल्याला माहीत आहे असंच वाटतं.

रफिकभाई म्हणाले, "सर, वह्या कायले पाहून राह्यले? बाया जित्या हायेत न. जाऊन इचारा, कोण काय बोललं ते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुमी बी जा. कडी कोणाले लावाची ते तिथंच कागदावर मांडून आणा. अन् सर एकटे बायांत जाऊन बसतीन, त्यापेक्षा बरं."

मी नको म्हणणार होते. पण सरांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पिशवीत छापील प्रकरण आणि लाल पेन टाकलं.

पुसदचा बाजाराचा दिवस होता. तांड्यावरची माणसं जीप भरून बाजाराला आलेली, वेचणीला सुट्टी. आम्ही एस.टी.ने फाट्यावर उतरलो आणि चालत गेलो. बाया एका ओसरीवर कापसाच्या ढिगाभोवती बसून त्यातली पत्ती, म्हणजे वाळक्या पानांचा चुरा, निवडत होत्या. पलीकडे तांड्याच्या नायकाचे, म्हणजे प्रमुखाचे, म्हातारे वडील खाटेवर पडून होते. तिन्ही कमलाबाई तिथेच होत्या. थोरली केस पांढरे झालेली, अंगाने उंच. मधली जाडसर, सारखी हसणारी. धाकटीचं लग्न होऊन तिसरं वर्ष, डोक्यावरचा पदर अर्ध्या कपाळापर्यंत.

सरांनी काय झालं ते सांगितलं. मधली कमला पोट धरून हसली.

"म्हंजे तुमच्या मशीननं माह्या मालकाले तीन बायका करून देल्ल्या," ती म्हणाली. "सांगू नोका त्याले. गडी उद्यापासून कामालेच नाई जाणार."

"बाकी दोघी तुलेच पोसा लागतीन," थोरली म्हणाली.

सर एकेक वाक्य वाचू लागले आणि मी समासात खूण करू लागले. थोरलीला थो, मधलीला म, धाकटीला धा. सरांनी बायांचं बोलणं पुस्तकी मराठीत करून लिहिलं होतं. "बियाणे कोणते घ्यावे याविषयी माझे मत विचारले जात नाही, तथापि" इथपर्यंत आल्यावर मधलीने हात वर केला.

"सर, हे माहं हाय. पर मी एवढी चांगली कई बोलली?"

"मतलब तोच आहे, कमलाबाई."

"मतलब असन. मी म्हटलं होतं, मले कोणी इचारत नाई, अन् इचारलं असतं तर एवढं महागाचं बी कायले आणलं असतं. ते तथापि का काय, ते काढा. लोक म्हणतीन कमली शयरात जाऊन आली."

सरांनी ते खोडलं आणि तिचं बोलणं तसंच्या तसं वर लिहून घेतलं. मग प्रत्येकजण आपलं वाक्य ऐकून तपासू लागली. ही म्हणे हे माझं, ती म्हणे नाही, तुझं नव्हे, त्या दिवशी तू तर माहेरी गेली होतीस. एक वाक्य तिघींनी एकमेकींवर ढकललं, कारण त्यात सासूबद्दल होतं आणि धाकटीची सासू पलीकडच्या दारात बसली होती. ते शेवटी थोरलीने घेतलं. म्हणाली, माझी सासू वर गेली, ती काही भांडायला येत नाही. दुपारभर हात पत्ती निवडत होते आणि तोंडं हसत होती. मला वाटलं, झालं काम.

मग सरांनी ते वाक्य वाचलं. चौथ्या प्रकरणाचं तेच मुख्य वाक्य होतं, गाईडने त्याच्याखाली दोन रेघा मारून समासात "उत्तम" लिहिलं होतं.

"फवारणीच्या औषधाचा डबा आम्ही आपल्या घरी ठेवत नाही. माझ्या घरचा शेजारणीच्या घरी असतो आणि शेजारणीचा माझ्या घरी. घरच्या माणसांना हे माहीत नाही. माणूस खचला, रागावला, तरी तो आपलंच घर शोधणार."

सगळ्यांचे हात थांबले. मधलीने खाटेकडे बघितलं. म्हातारा झोपलेला होता की पडून होता, कळत नव्हतं.

"हे कोणी बोललं नाई," मधली हळू आवाजात म्हणाली.

सर म्हणाले, माझ्याकडे लिहिलेलं आहे, क. रा. म्हणून, मागच्या हंगामातलं.

"लिवलं असन. सपनात ऐकलं असन तुमी."

सरांनी थोरलीकडे बघितलं. ती म्हणाली, "काढून टाका ते, सर. बाकीचं हाय न एवढं."

सरांनी कागद मांडीवर ठेवले. त्यांनी बायांवर जोर केला नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. त्यांनी फक्त सांगितलं, की हे वाक्य गेलं तर प्रकरण उभं राहत नाही, आणि प्रकरण नसलं तर या आठवड्यात प्रबंध जात नाही. पण तुमचं नाव आलं आणि तुम्हाला त्रास झाला, तर तेही मला नको. मग त्यांनी मला विचारलं, की नाव न घालता कडी लावता येते का. मी मान हलवली. येते तशी, पण गाईड ती काढायला लावणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सरांनी खिशातलं पेन काढलं आणि त्या वाक्यावर पहिली रेघ मारली.

"मी बोलली होती," धाकटी कमला म्हणाली.

दुपारपासून तिने आपली तीन-चार वाक्यं नुसती मान हलवून कबूल केली होती. आता तिने पदर मागे सारला होता.

"तुले काय गरज होती?" मधली तिच्यावर खेकसली. "आता नाव छापून आलं म्हंजे तुह्या घरचा डबा कोणाच्या घरी, ते सगळे इचारतीन. मंग माह्या घरी येतीन."

म्हणजे तो डबा मधलीच्या घरी होता. हे तिच्याच तोंडून निघालं आणि तिच्या लक्षात आलं.

धाकटी सरांना म्हणाली, "मले वाटलं, दुसऱ्या गावच्या बायांनी वाचलं तर त्याइले बी कळन. म्हणून सांगतलं होतं. खोडू नोका."

थोरली कापसाच्या पुंजक्यातून पत्तीचा एक एक तुकडा काढत राहिली. मग म्हणाली, "तिचं एकटीचं नाव नोको. सगळ्याइचं लिवा."

सरांनी माझ्याकडे बघितलं. ही गोष्ट मात्र माझ्या कामातली होती. एका कार्डावर कितीही नावं भरता येतात. पण तीनपेक्षा जास्त झाली की आतल्या पानावर कंसात मशीन फक्त पहिलं आडनाव दाखवतं आणि पुढे "व इतर" असं लिहितं. सगळी नावं शेवटच्या यादीत येतात, ओळीने. मी हे थोरलीच्या कानाशी सांगितलं, कारण मोठ्याने सांगायचा मला धीर नव्हता. तिने ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं.

"म्हंजे काय दिसन तिथं?" मधलीने विचारलं.

"राठोड व इतर," सर म्हणाले.

ती हसू लागली, यावेळी तोंडावर हात ठेवून. "इथं तर बकरी बी राठोडाचीच हाय. शोधू द्या मंग कोणाले शोधाचं ते."

पण सरांना दुसरी अडचण वाटली. ते म्हणाले, मला हे एकीनेच सांगितलं होतं. बाकीच्यांची नावं घातली तर ते खोटं होईल.

"मंग इचारा न आता," थोरली म्हणाली. "बसल्या हायेत सगळ्या."

सरांनी वहीचं नवं पान काढलं. ओसरीवर होत्या त्या सगळ्यांना हळू आवाजात एकेक करून विचारलं. नाव काय, डबा दुसऱ्या घरी ठेवता का. कोणाच्या घरी, ते विचारलं नाही. पहिली म्हणाली ठेवतो. दुसरी म्हणाली ठेवतो. एक पोरगी उठून गेली आणि पाठच्या गल्लीतल्या बायांना घेऊन आली. त्याही बसल्या. पलीकडच्या दारातली सासू काठी टेकत आली आणि तिनेही नाव सांगितलं. मधली म्हणाली ठेवतो, आणि आपलं नाव दोनदा सांगितलं, चुकू नये म्हणून. सर लिहीत होते आणि त्यांचा चेहरा बदलत चालला होता. मागच्या हंगामापासून ते ज्याला एका बाईची युक्ती समजत होते, ती सगळ्या तांड्याची रीत होती आणि तांड्यातल्या एकाही पुरुषाला ती माहीत नव्हती.

शेवटी थोरली राहिली.

"मी नाई ठेवला," ती म्हणाली.

सरांचं पेन थांबलं.

"तवा कोणीच नाई ठेवत होतं. ज्याच्या त्याच्या घरीच राहे. माह्या घरचं तसं झालं, तेराव्यानंतर मी घरोघर गेली. म्हटलं, आणा ते डबे माह्याकडं, माह्या घरात आता माणूस नाई. सगळ्याइनं आणून देल्ले. मंग वास सोसंना, जागा बी पुरंना, म्हणून एकमेकीकडं वाटून देल्ले." तिने मांडीवरची पत्ती झटकली. "मंग माहं नाव येते का त्याच्यात? मी तर नाई म्हटलं."

मी म्हटलं, "येते." त्या दिवशी तांड्यावर मी मोठ्याने बोलले ते तेवढंच.

प्रबंध मुदतीत गेला. पुढे सरांना पदवी मिळाली, कायम जागेची ऑर्डरही निघाली आणि त्यांनी दुकानात पेढे आणून दिले. रफिकभाईंनी त्यातला एक मशीनसमोर ठेवला.

तांड्यावरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते कार्ड भरायला बसले. यादी मशीन आपोआप लावतं, पण एका कार्डावरची नावं आपण ज्या क्रमाने भरू त्याच क्रमाने राहतात. सर शेजारी बसून वहीतून नावं सांगणार होते. मी त्यांना विचारलं, की पहिलं कोणाचं. ते म्हणाले, अकारविल्ह्याने घ्या, म्हणजे तक्रार नको. मी बोटं कळांवर तशीच ठेवली. मशीनला नुसतं राठोड दिसतं, कोणती राठोड ते आपण ठरवतो, असं काहीतरी मी म्हणणार होते, पण शब्द जुळेनात.

सरांनी वही मिटली. "नाही," ते म्हणाले. "थोरलीचं पहिलं घाला."

मी आडनावाच्या खान्यात राठोड घातलं आणि नावाच्या खान्यात कमलाबाई. मग सरांनी वही पुन्हा उघडली आणि बाकीच्या सगळ्या तिच्या मागे घेतल्या.